पाळणा लांबवण्याचा हक्क, तसाच पाळणा हलण्याचाही!

संततिनियमनाचा विषय निघाला की आपण अभिमानाने १० नोव्हेंबर १९३८ ची आठवण काढतो. त्या दिवशी मुंबई विधानसभेत, सरकारने संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार करावा, असा ठराव मांडला गेला. बाबासाहेब स्वतः हजर नव्हते. त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडलं. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले तेही बाबासाहेबच. कर्व्यांना दंड झाला. दोन्ही लढाया हरल्या, पण विचार हरला नाही.

हा विचार नेमका काय होता? आपल्यापैकी बरेच जण तो 'बाबासाहेबांनी कमी मुलं होऊ द्या म्हणून सांगितलं' एवढ्यावरच संपवतात. हे अर्धसत्य आहे. १९३८ च्या भाषणाचा गाभा असा की मूल होऊ द्यायचं की नाही, हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावं. म्हणजे प्रश्न लोकसंख्येच्या आकड्याचा नाही, स्त्रीच्या निर्णयाचा आहे. आणि निर्णय तिचा असेल तर 'आता नको' जितकं तिचं, तितकंच 'आता हवं' हेही तिचंच.

पुढच्या इतिहासाने हा गाभाच काढून टाकला. १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी झाली ती पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर. आपल्यावर प्रयोग चालू आहे, हे त्यांना सांगितलंच नव्हतं. डेपो-प्रोव्हेरा या इंजेक्शनची चाचणी अमेरिकेत अटलांटा शहरात १९६७ पासून दहा वर्षांहून अधिक काळ चालली. त्या हजारो बायकांत बहुसंख्य काळ्या आणि गरीब होत्या. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरूला नेट-एन इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तिथेही बायकांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. स्त्री संघटनांनी जाब विचारला आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. आणीबाणीत तर १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. अटलांटा असो की पटनचेरू, सुई कुणाच्या दंडात टोचली गेली, हे नीट पाहा.

२०१७ पासून हेच डेपोचं औषध 'अंतरा' नावाने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. साधन वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. नवऱ्याला न कळू देता घेता येतं म्हणून कित्येक बायकांना त्याचा आधार आहे. आमचा आक्षेप अर्धवट माहितीला आहे. इंजेक्शन कधी घ्यायचं हे सांगितलं जातं. बंद केल्यावर काय होतं, हे बहुतेकदा सांगायचं राहूनच जातं.

ते आम्ही इथे सांगतो. माला-एनसारखी गोळी बंद केली की बहुतेक बायकांना काही महिन्यांतच दिवस जाऊ शकतात. तांबी काढल्यावर लगेच. अंतराचं तसं नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून गर्भधारणेची क्षमता परत यायला साधारण ७ ते १० महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर पाळी अनियमित राहू शकते. पण हा उशीर आहे, वांझपण नाही. इंजेक्शनने कायमचं वंध्यत्व येत नाही.

एवढी एक गोष्ट न सांगितल्याने वस्त्यांमध्ये काय घडतं, ते आम्ही कामात वारंवार पाहतो. इंजेक्शन बंद करून सहा महिने झाले की सुनेला 'वांझ' ठरवलं जातं. मग अंगारा, बुवा, नवस, आणि शेवटी दुसऱ्या लग्नाची बोलणी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडतं, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. ज्या समाजाने मनुस्मृती जाळली, त्याच्या घरात बाईची किंमत अजून कुशीवरच ठरत असेल, तर जाळलं ते फक्त पुस्तक.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामं हाती घ्यावीत. एक, आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे आग्रह धरा की पहिल्या इंजेक्शनआधीच 'मूल हवं झालं तर किती आधी थांबायचं' हे सांगितलं जावं. दोन, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर (बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी) डॉक्टर गाठा. अंतरा घेतलं असेल तर वरचा उशीर हिशेबात धरा. तीन, तपासणी दोघांची करा. वीर्य तपासणी साधी आणि स्वस्त असते, तरी नवऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

बाबासाहेबांचं १९३८ चं भाषण जयंतीच्या बॅनरपुरतं ठेवायचं नसेल, तर ते पूर्ण वाचा आणि वस्तीतल्या प्रत्येक बाईपर्यंत पूर्ण पोहोचवा.

जय भीम!