वोल्गातीरचे काल्मिक

युरोपांत बुद्धाची उपासना परंपरेनें चालत आलेला एक प्रांत आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. रशियाच्या दक्षिणेस, कास्पियन समुद्राच्या वायव्य किनाऱ्यास लागून पसरलेला हा प्रांत म्हणजे काल्मिकिया. त्याची राजधानी एलिस्ता.

भूमि सपाट व वृक्षहीन. कांहीं भाग तर समुद्रसपाटीच्याही खालीं. पाऊस बेताचा, हिवाळा कडक. अशा ठिकाणीं नांगरापेक्षां गुरांवर जगणें सोपें. म्हणून मेंढ्या, घोडे, उंट आणि नमद्याचे तंबू घेऊन फिरणाऱ्या मंगोल वंशाच्या ओइरात टोळ्या सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मध्य आशियांतून येथें आल्या. त्यांच्या भाषेसाठीं १६४८ सालीं झाया पंडित नांवाच्या भिक्षूनें स्वतंत्र लिपि सिद्ध केली. त्याच्या नांवांतील ‘पंडित’ ही पदवी आपल्या संस्कृतांतली. धर्माबरोबर ती तिबेटच्या वाटेनें तेथवर पोंचली.

पुढें रशियन वसाहती कुरणांवर सरकूं लागल्या, खानाचा अधिकार आकुंचित झाला आणि युद्धासाठीं घोडेस्वारांची मागणी वाढली. तेव्हां १७७१ च्या जानेवारींत उबाशी खान दीड लाखांहून अधिक लोकांसह पूर्वजांच्या देशाकडे निघाला. थंडी, उपासमार, तहान आणि वाटेवरील हल्ले यांत असंख्य लोक मेले; चीनच्या सरहद्दीपर्यंत निम्मेही पोंचले नसावेत. नदीच्या पश्चिम तीरावरचे बहुतेक मागेंच राहिले. त्यांचें राज्य महाराणी कॅथरीननें त्याच वर्षीं मोडलें. ‘काल्मिक’ म्हणजे ‘मागें राहिलेले’ अशी व्युत्पत्ति सांगतात. परंतु हें नांव त्या प्रस्थानाच्याही आधींचें आहे.

राहिलेल्यांच्याही नशिबीं प्रस्थान होतेंच. १९३० नंतरच्या दशकांत त्यांचीं मंदिरें बंद पाडण्यांत आलीं. नंतर, हजारों काल्मिक लाल सैन्यांत लढत असतांनाच, शत्रूला साहाय्य केल्याचा ठपका साऱ्या जमातीवर ठेवून २८ डिसेंबर १९४३ रोजीं सुमारें नव्वद हजारांवर लोकांना गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडे नेण्यास प्रारंभ झाला. प्रांताचें नांव नकाशावरून पुसलें गेलें. एलिस्ताचेंही नांव बदललें. कांहींच्या अपराधाबद्दल तान्ह्या मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना शिक्षा देणाऱ्या या न्यायास न्याय कसें म्हणावें?

१९५७ सालीं त्यांना परतण्याची वाट मोकळी झाली. २००५ सालीं एलिस्तांत शाक्यमुनि बुद्धाचें भव्य मंदिर उभें राहिलें. भूमि मिळाली, देवालय मिळालें. परंतु सैबेरियांत विखुरलेल्या घरांतील मुलें रशियन शिकूनच मोठीं झालीं, आणि त्यांच्या मुलांपर्यंत आजीची भाषा फारशी पोंचली नाहीं. हिरावलेली भूमि राजाज्ञेनें परत देतां येते. ओठांवरून गेलेली भाषा मात्र घराघरांतूनच परत आणावी लागते. काल्मिकांचा आजचा प्रवास हाच आहे.