मीठ कुणाचं?

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तुम्हाला ठाऊक आहेतच. चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेले आणि तिकडेच वारले. १९३९ मध्ये ते ज्या येनान गावी पोचले, ते चिनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. त्या येनानला शत्रूच्या गोटातून दोनदा सावध करणाऱ्या माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचं नाव शिओंग श्यांगहुई. जिभेवर बसायला अवघड, म्हणून नुसतं शिओंग म्हणू.

जन्म १९१९ चा. सतराव्या वर्षी, कॉलेजात असताना, ते गुपचूप कम्युनिस्ट पक्षात गेले. पुढच्याच वर्षी जपाननं चीनवर मोठी चढाई केली. कम्युनिस्ट आणि चँग कै शेक यांचं सरकार, दोघं एकमेकांचे वैरी. पण जपानशी लढायला एक झाले. मनातून मात्र विश्वास नव्हता. कम्युनिस्टांचे पुढारी चौ एन लाय यांनी शिओंगना चँग यांच्या मर्जीतल्या हू झोंगनान या सेनापतीकडे धाडलं. हूंना हा शिकलेला मुलगा आवडला. त्यांनी त्याला लष्करी शाळेत घातलं, मग आपला खासगी सचिवच केलं. पत्रं, हुकूम, भाषणं, सगळं त्याच्या हातून जाऊ लागलं.

आणि चौंचा हुकूम काय होता? काही करू नकोस. विश्वास मिळव आणि थांब. अशी काही वर्षं गेली! आम्हाला तर नळावर ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणं जमत नाही.

१९४३ मध्ये येनानवर हल्ल्याची तयारी झाली. शिओंगनी खबर धाडली. कम्युनिस्टांनी बेत जगजाहीर केला, हूंनाच तार करून निषेध कळवला. गुपित फुटल्यावर हल्ला रद्द करावा लागला. १९४७ मध्ये मात्र हल्ला झालाच. त्याआधी हूंनी सगळी योजना विश्वासानं शिओंगच्याच हाती दिली होती. मार्चमध्ये फौज येनानमध्ये शिरली तेव्हा गाव रिकामं होतं. माओ आणि त्यांची माणसं केव्हाच निघून गेली होती.

यावर आमच्या गटात चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, हूंनी शिकवलं, मोठं केलं, त्यांच्या खाल्ल्या मिठाला हा जागला नाही. दुसरी म्हणाली, ज्यांचं मीठ आधी खाल्लं त्यांना जागला की. आम्हाला दुसरीचं पटतं. पण इतकी वर्षं रोज समोर बसणाऱ्या माणसाला फसवायचं, हे सोपं नसणार. हू पुढे तैवानला गेले आणि १९६२ मध्ये तिथेच वारले.

त्याच १९४७ मध्ये शिओंग शिकायला अमेरिकेला गेले, १९४९ मध्ये परतले. चौंनी एका जेवणाला चँग यांच्याकडून फुटून आलेल्या काही बड्या लोकांना बोलावलं होतं. तिथे शिओंगना पाहून एक सेनापती चकित झाले. हाही आपल्यासारखाच फुटून आला की काय? चौ हसून म्हणाले, नाही, हा आपल्याच घरी परत आलाय.

मग परराष्ट्र खातं. लंडनला चीनचे प्रतिनिधी, पुढे मेक्सिकोत राजदूत. १९७१ मध्ये अमेरिकेचे किसिंजर गुपचूप बीजिंगला आले, तेव्हाही चौंच्या मदतीला शिओंग होते. गुपित राखणारा माणूस तिथेही लागतोच ना! २००५ मध्ये ते वारले.

हूंच्या गोटात असेच पेरलेले त्यांचे एक सोबती होते, शेन च्यान. ते १९५० मध्ये नव्या चीनचे प्रतिनिधी म्हणून आपल्या दिल्लीत आले, आणि १९८० मध्ये राजदूत म्हणून पुन्हा.