कोण खातो आणि कसे भाजतो

वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या मुलखात, रामटेकच्या टेकडीवर, वराहाची भलीमोठी मूर्ती आजही उभी आहे. नावावरून किंवा मूर्तीवरून ताटात काय होते हे ठरत नाही, हे उघड आहे. पण प्रधानाचे नाव म्हणून जो प्राणी अभिमानाने मिरवला जात होता, त्याचे मांस त्याच वऱ्हाडात गावकुसाबाहेरच्या चुलीपुरते कसे उरले, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. माझे म्हणणे असे की डुक्कर भाजण्याची रीत त्या जनावराच्या देहाने ठरवली आणि तिच्याभोवतीची लाज माणसांनी नंतर रचली. या दोन गोष्टींचा इतिहास वेगवेगळा लिहिला पाहिजे.

रीतीचा सर्वांत तपशीलवार पुरावा ‘मानसोल्लासा’त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा ग्रंथ साधारण ११२९ सालचा. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात वराहाची कृती राजाच्या पाकशाळेला शोभेल अशा काळजीने दिली आहे. अंगावर पांढरे कापड टाकून कढत पाणी ओतायचे आणि मऊ झालेले केस खरवडून काढायचे. नाहीतर गवताच्या जाळावर केस जाळून टाकायचे. मग निखाऱ्यावर भाजून त्याचे शुंठक करायचे. आज महाराष्ट्रातल्या डुकरे पाळणाऱ्या वस्त्यांमध्ये जे घडते ते याहून फार निराळे नाही. वाळल्या गवताचा भपका पेटवतात, जनावर त्यावर उलटेपालटे करतात, केस चरचरत जळतात, कातडी काळीठिक्कर पडते. मग सुरी आडवी धरून काजळी खरवडत गेले की खालून तांबूस-पिवळी, ताणलेली कातडी निघते. धुराचा वास इथेच मांसात शिरतो. तो वरून दिलेला मसाला नव्हे. पुढच्या पायाचा फरा तर घाई मुळीच सहन करत नाही. चालणाऱ्या, जमीन उकरणाऱ्या जनावराचा तो राबता स्नायू; त्यातले चिवट तंतू मोठ्या जाळावर आवळतात आणि मंद आचेवर तासन्‌तास राहिले तरच विरघळून मांसाला रस देतात. वरची चरबी वितळून खाली झिरपते, म्हणून तेलही लागत नाही. तुऱ्हाटी किंवा पऱ्हाटीचा जाळ बसल्यावर उरणारी धग या कामाला पुरते. ज्या घरात तेल विकत घेणे जड होते, त्या घराला हे ज्ञान कुणी ग्रंथातून दिले नाही.

यावर आक्षेप येईल की कल्याणीच्या राजाच्या ग्रंथावरून वाशिमच्या वस्तीचा इतिहास सांगणे म्हणजे ओढाताण. परंपरा अखंड चालत आली, असे मी म्हणतच नाही. जाड कातडी, राठ केस आणि थरावर थर चरबी असलेल्या जनावराशी राजाचा आचारी आणि गरीब घरची बाई सारखेच वागतील, एवढेच मला त्यातून दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राजाचा वराह रानातला, वस्तीतला डुक्कर गावातला. हा भेद जुनाच आहे. मनुस्मृती गावडुक्कर निषिद्ध ठरवते, तर चरकसंहिता वराहमांसाला बल देणारे, श्रम घालवणारे म्हणते. पण गावडुक्कर काय खातो हे गाव त्याला काय टाकते यावर ठरते, आणि ज्यांना गावाने उकिरड्याच्या कडेला जागा दिली त्यांच्याच हाती ते जनावर आले. विटाळ मांसात असता, तर भाजण्याच्या रीतीत कुठेतरी तो दिसला असता.

इंग्रजी अमलात या लाजेला छापील रूप मिळाले. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले. त्यात एखादी जात डुक्कर खाते की नाही हे वारंवार नोंदवले आहे, कारण त्यावरून तिची पायरी सांगता येते. ते मांस कसे साफ करतात, कशावर भाजतात, कोणता भाग कुणाच्या वाट्याला जातो, हे त्या पायरीच्या हिशेबात बसत नव्हते. खाणाऱ्यांनी स्वतः लिहायला घेतले तेव्हा हे चित्र बदलू लागले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या स्वयंपाकाबद्दल आहे, आणि मराठवाड्याचा हिंगोली जिल्हा वाशिमला लागूनच आहे.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र याच घरांतून येऊ शकतो. महाडच्या १९२७च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेकांनी जुन्या ओळखीच्या कितीतरी खुणा निर्धाराने पुसल्या. मग आता त्या चुलीचे गुण गाणे म्हणजे ज्यांनी मानाने सोडले त्यांच्या गळ्यात ते पुन्हा बांधणे नव्हे का? ही भीती मला खरी वाटते, आणि ज्या घराने डुक्कर सोडला त्याला त्याबद्दल कुणी जाब विचारू नये. पण मृत जनावर ओढून नेण्याची सक्ती आणि स्वतः पाळलेले, ताजे कापलेले जनावर यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुसूनच उच्चवर्णीय नजरेने दोन्हींना एकच नाव दिले. अजून वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या वस्त्यांमध्ये ज्या बायांच्या हाताला फऱ्याची आच कळते, त्यांची कृती त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन, प्रमाणासकट लिहून घेण्याचे काम बाकी आहे.