चढउतारावरचे ऊन : वऱ्हाडातील मोजणीचा मागोवा

गुरुकुंज मोझरी अमरावती–नागपूर महामार्गावर, सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. अमरावतीच्या पलीकडे पूर्णेचे सपाट खोरे, म्हणजे जुने पायनघाट, पसरले आहे. त्याच्या उत्तरेला गाविलगडाची रांग उभी आहे. मोझरीच्या बाजूला वर्धा नदीकडे उतरणारी जमीन मात्र उंचसखल आहे : कुठे काळी, कुठे बरड, मधूनमधून नाले. अशा जमिनीवर सौर प्रकल्पाचा आराखडा मांडायचा तर जमिनीचा आकार आणि सूर्याची दिशा या दोन्हींचे माप लागते. वऱ्हाडात ही दोन मापे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी आणि वेगवेगळ्या कारणांसाठी घेतली.

आधी मोजली गेली ती जमीन. 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झालेली त्रिकोणमितीय पाहणी उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली. तिचा प्रमुख विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नोंदींत वऱ्हाडातले टाकळखेडा हे अक्षांश ठरवण्याचे एक मुख्य ठाणे आहे. ते मोझरीच्या जवळपास त्याच अक्षांशावर येते. या ठाण्याच्या उत्तरेच्या डोंगराळ प्रदेशामुळे ओळंबा सरळ खाली न राहता किंचित ओढला जातो, अशी शंका त्याला आली. 1830 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने त्या ओढीचा हिशेब मांडला. डोंगर ही निव्वळ अडचण न मानता आकडेमोडीतली एक संख्या मानण्याचे या मुलखातले हे फार जुने उदाहरण म्हणता येईल.

महसुली मोजणीचा मार्ग वेगळा होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे मुंबई पद्धतीची मोजणी येथे सुरू झाली. तिची साखळी 33 फुटांची आणि 16 आण्यांची. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. उतारावर साखळी जमिनीला टेकवून चालत नाही. ती आडवी ताणून, पायऱ्या पाडत माप घ्यावे लागते. त्यामुळे कागदावरचे क्षेत्र म्हणजे जमिनीची सपाटीवर पडलेली छाया असते, उताराची खरी लांबी नव्हे. शेतसाऱ्याच्या आकारणीला तेवढे पुरत होते. कुठला बांध कोणापेक्षा किती उंच, हे त्या नकाशांना सांगायचेच नव्हते. सौर आराखड्याला मात्र नेमके तेच लागते.

सूर्याची मोजणी पुष्कळ उशिरा झाली. भारतीय हवामान खात्याने 1957 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजणारी केंद्रे उभारायला घेतली. या कामामागे ॲना मणी होत्या. देशभरातल्या या आकडेवारीचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ 1980 च्या सुमारास निघाला आणि त्यात नागपूरचीही आकडेवारी आहे. पण उपकरण आडव्या पृष्ठावर पडणारे ऊन मोजते आणि पॅनेल तिरके असते. अमेरिकेत लिऊ आणि जॉर्डन यांनी 1960 च्या दशकाच्या प्रारंभी आडव्यावरून तिरक्यावर जाण्याची रीत बसवली. आकाशातला विखुरलेला प्रकाश सगळीकडून सारखाच येतो, असे त्यांनी धरले. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाला ते बऱ्यापैकी लागू पडते, स्वच्छ दिवसाला कमी. 1990 पर्यंत रिचर्ड पेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याभोवतीचे व क्षितिजालगतचे तेज वेगळे धरून ही उणीव बरीच भरून काढली.

तरीही जमीन सपाटच धरली जात होती. चढउताराने काय बिघडते, ते एका हिशेबावरून दिसते. पॅनेलच्या ओळीची वरची कड जमिनीपासून 1 मीटर उंच आहे आणि दक्षिणेकडचा सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर आहे, असे केवळ हिशेबासाठी धरू. सपाटीवर तिची सावली सुमारे 1.73 मीटर पडते. जमीन उत्तरेकडे 10 मीटरला 1 मीटर उतरत असेल, तर तीच सावली 2.10 मीटर होते. तेवढीच चढत असेल, तर 1.48 मीटर. एकाच शेतात टेकाड आणि खळगा दोन्ही असतील, तर ओळींमधले एकच ठरावीक अंतर एका ठिकाणी जागा वाया घालवते आणि दुसऱ्या ठिकाणी सावली पाडते. एकमेकींना जोडलेल्या पॅनेलांच्या मालिकेत एकाच पॅनेलवर सावली पडली, तरी संपूर्ण मालिकेचे उत्पादन घटू शकते. म्हणून हा फरक क्षुल्लक नाही.

उंचीचे आकडे फेब्रुवारी 2000 मध्ये एकदम गोळा झाले. एन्डेव्हर या अवकाशयानाने 11 दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची टिपली. भारतासाठी प्रथम 90 मीटरच्या आणि नंतर 30 मीटरच्या चौकटींतले आकडे खुले झाले. डोंगररांग सकाळचे ऊन किती वेळ अडवते, हे पाहायला ते पुरेसे आहेत. पण 5 मीटर रुंदीचा नाला अशा एका चौकटीत हरवून जातो. ती उणीव आता ड्रोनने घेतलेल्या उंचीच्या नकाशांनी भरली जाते.

सूर्यामागे पूर्व-पश्चिम कलणाऱ्या पॅनेलांचा प्रश्न आणखी अवघड होता. सकाळ-संध्याकाळी शेजारच्या ओळीवर सावली पडू नये म्हणून ती मुद्दाम थोडी मागे वळवतात. किती वळवायचे याचे सूत्र मुळात सपाट जमिनीचे. आडव्या उताराचा विचार करणारे सुधारित सूत्र अमेरिकेतल्या केव्हिन अँडरसन आणि मार्क मिकोफस्की यांनी 2020 मध्ये मांडले.

महाराष्ट्रात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने वीज उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पांसाठी मागायला सुरुवात केली. पिकाऊ काळी जमीन शेतकरी सहसा सोडत नाही, त्यामुळे बरड आणि उताराच्या जागाही विचारात घ्याव्या लागतात. वऱ्हाडात काळ्या मातीची आणखी एक खोड आहे : पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेले खांब वर-खाली सरकू शकतात. म्हणून आराखड्यात एकदा लिहिलेली खांबांची उंची पावसाळ्यानंतर पुन्हा मोजून पाहावी लागते.