कीड प्रतिकारक आणि तणनाशक सहनशील मका: एका बियाण्यात दोन गुण

मक्याचे मोठे नुकसान दोन वेळा होते. पहिल्या दीड महिन्यात तण पिकाला दाबते, आणि पुढे पोंग्यात व खोडात शिरलेली अळी झाड पोखरते. या दोन्हींवरचा उपाय एकाच बियाण्यात असलेला जनुकीय बदल केलेला (जीएम) मका अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्ये पिकवला जातो. भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही. येथे व्यापारी लागवडीत असलेले जीएम पीक २००२ पासूनचा बीटी कापूस हे एकच. तरीही या मक्याविषयी गावोगावी विचारणा होते, म्हणून तो नेमका काय आहे हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

दोन गुण एकत्र कसे येतात?

यात नवीन जनुक पुन्हा घालावे लागतेच असे नाही. एका वाणात कीड प्रतिकारक जनुक असते, दुसऱ्यात तणनाशक सहनशीलतेचे. नेहमीच्या संकर पद्धतीने ते नर व मादी वाणांत आणून संकरित बियाणे तयार होते. फिलिपिन्समध्ये डिसेंबर २००२ मध्ये मॉन ८१० या बीटी मक्याला मंजुरी मिळाली. २००५ मध्ये तणनाशक सहनशील एनके ६०३ आणि त्या दोघांचा संकर असलेला दुहेरी मका आला. शेतकऱ्यांची पसंती दुहेरी बियाण्याकडे वळली. खोडकिडीच्या फवारणीपेक्षा खुरपणीची मजुरी वाचणे हे अनेकांना जास्त मोलाचे वाटले.

अळीवर काम

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीतील जिवाणूचे प्रथिन मक्याच्या पेशीत तयार होते. अळीने पान खाल्ले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते क्रियाशील होऊन आतड्याच्या भिंतीला चिकटते आणि छिद्रे पाडते. अळी लवकरच खाणे थांबवते व काही दिवसांत मरते. मावा, तुडतुडे किंवा मर रोगावर याचा काहीही परिणाम नाही.

प्रत्येक बीटी प्रथिन प्रत्येक अळीवर सारखे चालत नाही, हा मुद्दा विस्तार कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावा. मॉन ८१० मधील क्राय-१-एबी प्रथिन आशियाई खोडकिडीवर चांगले, पण अमेरिकन लष्करी अळीवर कमजोर. मॉन ८९०३४ मध्ये क्राय-१-ए.१०५ आणि क्राय-२-एबी-२ अशी दोन प्रथिने आहेत. एमआयआर १६२ मधील व्हिप-३-ए हे वेगळ्या पद्धतीने चिकटणारे प्रथिन लष्करी अळीवर प्रभावी ठरले. ही अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तेव्हापासून "बीटी मका" या शब्दावर समाधान मानून चालत नाही. प्रथिन कोणते, हा पहिला प्रश्न.

तणनाशकाचे गणित

ग्लायफोसेट हे वनस्पतीतील ईपीएसपीएस या विकराला अडवते. त्यामुळे अत्यावश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि झाड वाळते. एनके ६०३ मध्ये अॅग्रोबॅक्टेरियमच्या एका प्रकारातून घेतलेले, ग्लायफोसेटने न अडणारे विकर आहे. म्हणून तण मरते, मका राहतो. काही वाणांत ग्लुफोसिनेट सहन करणारे 'पॅट' जनुक असते. एकाचे बियाणे आणि दुसऱ्याचे तणनाशक असा घोळ झाला तर पीक जळते.

सहनशीलता म्हणजे केव्हाही, कितीही फवारा असे नव्हे. अमेरिकेतील लेबलनुसार या मक्यावर सरसकट फवारणी आठ पानांच्या अवस्थेपर्यंत किंवा सुमारे ७५ सेंमी उंचीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेव्हापर्यंतच करतात. शिवाय तण लहान असतानाच मारायचे असते. उशिराची फवारणी शेत स्वच्छ करते, पण तोपर्यंत तणांनी खत-पाणी घेतलेले असते. पुढच्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून उगवलेला मका त्याच तणनाशकाने मरत नाही, हीही एक डोकेदुखी.

जिथे ते फसले

दक्षिण आफ्रिकेत बीटी मक्यावर खोडकिडीची प्रतिकारक्षम पिढी आढळल्याची नोंद २००७ मध्ये झाली. प्वेर्तो रिकोमध्ये लष्करी अळीने क्राय-१-एफ प्रथिनाला दाद दिली नाही, पुढे ब्राझीलमध्येही तेच घडले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २००५ मध्ये ग्लायफोसेटला न जुमानणारा पामर राजगिरा सापडला.

कारण साधे आहे. सगळीकडे एकच विष असेल तर त्यातून वाचणारेच पुढची पिढी जन्माला घालतात. यासाठी शेताच्या काही भागात बिगर-बीटी मका लावतात. तिथल्या साध्या अळ्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी मिलाफ होऊन प्रतिकार पातळ व्हावा हा हेतू. अमेरिकेच्या मका पट्ट्यात एका प्रथिनासाठी २० टक्के, दोन प्रथिनांसाठी ५ टक्के असे प्रमाण ठरवले गेले. आपल्याकडे कापसाच्या पाकिटासोबत मिळणारे रेफ्युजी बियाणे किती जणांनी लावले आणि गुलाबी बोंड अळीने २०१७ मध्ये काय केले, हे विदर्भ-मराठवाड्यात सांगायला नको.

"घरचे बियाणे चालेल का?"

नाही. संकरित मक्यात प्रत्येक गुणाची एकच प्रत असते. कणसातील दाणे पुढच्या वर्षी पेरले तर दर १६ झाडांपैकी साधारण ९ झाडांतच दोन्ही गुण राहतात. दर चार झाडांतील एक झाड तणनाशकाने मरते, आणि उरलेल्यांतही उत्पादन घसरते. फिलिपिन्समध्ये 'सिगे-सिगे' नावाने विकले जाणारे स्वस्त, विनापरवाना बियाणे याच वाटेने पसरले. आपल्याकडचे बेकायदा एचटीबीटी कापसाचे बियाणे आठवा: पक्के बिल नाही, उगवण कमी निघाली तर दाद कोणाकडे मागायची तेही नाही.

कोणी "तणनाशक मारता येणारा मका" म्हणून पाकीट दाखवले तर ते घेऊ नये. दाणा पाहून असा मका ओळखता येत नाही. पानाच्या रसावर स्ट्रिप चाचणी करता येते, पण प्रत्येक पट्टी ठरावीक प्रथिनच दाखवते. त्यामुळे पट्टीवर काही न उमटणे म्हणजे बियाणे साधे असा अर्थ होत नाही. संशयित पाकीट तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रारीसह द्यावे. भारतात ग्लायफोसेटच्या वापरावरही ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने निर्बंध घातले असून तो केवळ परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फत करायचा आहे.

सध्या आपल्या मक्यात तणासाठी पेरणीनंतर लगेच अॅट्राझीन, उगवणीनंतर तण दोन ते चार पानांवर असताना टेम्बोट्रिऑन, दोन्ही लेबलवरील मात्रेनुसार. लष्करी अळीसाठी उगवणीपासून आठवड्यातून दोनदा पोंगे तपासावेत. पानांवर पांढरे चट्टे व बारीक छिद्रे दिसताच, म्हणजे अळी लहान असतानाच, द्रावण पोंग्यात जाईल अशा बेताने फवारणी करावी. मोठी अळी आपल्याच विष्ठेच्या थराखाली लपते, मग औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.