अस्थिकर्करोग आणि घरची वाट

वसई तालुक्यांतील निर्मळ हें गांव तेथील तळ्यासाठीं व कार्तिकांतील यात्रेसाठीं प्रसिद्ध आहे. अशा गांवीं एखाद्या मुलाच्या गुडघ्याजवळची सूज अस्थिकर्करोगाची ठरली, म्हणजे रोग बरा होईल काय, या प्रश्नाबरोबरच दुसरा प्रश्न घरांत उभा राहतो: मुलाला किती दिवस रुग्णालयांत ठेवावें लागेल? या दुसऱ्या प्रश्नालाही एक इतिहास आहे.

मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्या काळीं, आणि पुढेंही सुमारें तीस वर्षें, या रोगावर अवयव कापणें हाच मुख्य उपाय होता. पाय जाई, आणि तरीही पांचांतील चौघे बहुधा वांचत नसत. कारण शस्त्रक्रियेपूर्वींच रोगाचें सूक्ष्म बीज फुप्फुसांत पोंचलेलें असे. १९७० नंतर मेथोट्रेक्झेट, ॲड्रियामायसिन, सिस्प्लॅटिन हीं औषधें हातीं आलीं. त्यांच्या उपयुक्ततेविषयींचा वाद अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगानें मिटला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा १७ दोन वर्षें रोगमुक्त राहिले; औषधेंही घेतलेल्यांपैकीं ६६.

परंतु मेथोट्रेक्झेटची मोठी मात्रा म्हणजे रुग्णालयांतील मुक्कामच. शिरेवाटे पाणी द्यावयाचें, रक्तांतील औषध वारंवार मोजावयाचें, उतारा वेळेवर द्यावयाचा. २०१० नंतर टाटा रुग्णालयाच्या वैद्यांनीं तें वगळून ॲड्रियामायसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फामाइड यांचा कमी खर्चाचा क्रम चालविला, व त्याचीं फळें समाधानकारक आढळलीं. अशीं औषधें काळजीपूर्वक आंखल्यास दिवसाच्या कक्षांतही देतां येतात. मग निर्मळच्या मुलानें सकाळीं नालासोपाऱ्याहून गाडी धरावी आणि रात्रीं आपल्या अंथरुणावर निजावें, हें शक्य होतें.

तथापि येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. मुक्काम सुटला म्हणून शुश्रूषा सुटत नाहीं. ती परिचारिकेकडून आईकडे जाते. औषधानंतर आठदहा दिवसांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हां ताप १००·४ अंशांवर गेला, तर मध्यरात्रींही निघावें लागतें. सकाळची वाट पाहणें जिवावर बेतूं शकतें. ज्यांना जवळ घरच नाहीं, त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा शोधावा लागतो. ‘बाह्यरुग्ण’ या शब्दांत रुग्णालयाबाहेर एक घर आहे, असें गृहीत धरलेलें असतें. तें घर, तो तापमापक आणि तें वाहन यांची तजवीज हाही औषधयोजनेचाच भाग होय.