पापणी मिटण्याची अट

१/ मोबाइलवरून बँकखाते उघडताना अर्जदार जिवंत असल्याची खूण म्हणून पापण्या मिटण्यास सांगितले जात असे. ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेली व्यक्ती तिथेच अडे.

२/ ३० एप्रिल २०२५ रोजी ‘प्रज्ञा प्रसून’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता हा अनुच्छेद २१ मधील जीवनाधिकाराचाच भाग मानला आणि नियतकालिक सुलभता-तपासणी बंधनकारक केली.

३/ तपासणीचे साधन महाग नाही. एका दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये आरंभलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर विनामूल्य असून मराठीही वाचतो.

४/ स्वयंचलित चाचणी चित्राला वर्णन जोडले आहे का, एवढेच सांगते. ते वर्णन उमगते का, हे बार्शी तालुक्यातील वैरागचा एखादा दृष्टिहीन विद्यार्थीच अर्ज भरून सांगू शकतो.